तिसऱ्या पानावरून मागे

२ फेब्रुवारी

ही तक्रार दुकानाच्या नोंदवहीत लिहिता येईना. गिऱ्हाईक घरचे आहे आणि वस्तू शिलाई मशीन नाही. म्हणून ही वेगळी वही काढली. दोऱ्याच्या व्यापाऱ्याने मागच्या वर्षी दिलेली, कोरीच राहिली होती. छापलेले वार यंदा जुळत नाहीत, ते खोडले आहेत.

वस्तू: मुलाच्या कॉम्प्युटरचा माउस.
तक्रार: इंटरनेटवर फॉर्म भरताना पान आपोआप मागे जाते. भरलेले सगळे पुसले जाते.
आणणारी: सूनबाई.

मुलगा जुलैमध्ये गेला. त्यानंतर सात महिने तो कॉम्प्युटर कोणी चालू केला नव्हता. सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. आज कामावरून आली, हातपाय धुतले, आणि त्यांच्या खोलीत जाऊन त्याच्या खुर्चीत बसली. अर्ध्या तासाने माउस हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, बाबा, हे जरा बघता का.

कसला फॉर्म ते मी विचारले नाही. तिनेच सांगितले. दुसऱ्या शहरात डोळ्यांचे मोठे रुग्णालय आहे, तिथे तपासनिसाची जागा निघाली आहे. राहायला खोली मिळते. गाडीने नऊ तास. शेवटची तारीख अठ्ठावीस.

मी म्हटले, बघतो.

आमच्या हिने आतून सगळे ऐकले असणार. काही बोलली नाही, हे विशेष.

४ फेब्रुवारी

माउस उघडला. स्क्रू दिसत नाहीत, पायाखाली चिकटवलेल्या गुळगुळीत चकत्यांच्या आड असतात. अंगठ्याच्या नखाने चकत्या सोडवल्या. आत चाक, दिवा आणि बारीक बारीक बटणे. कापसाला स्पिरिट लावून सगळे पुसले. चाकाच्या आसाला एक केस गुंडाळला होता. लहान, काळा. तो चिमट्याने काढला आणि मग टाकवेना, म्हणून बॉबिनच्या डबीत ठेवला.

वरच्या दोन बटणांखेरीज दोन्ही कडेलाही दोन दोन बटणे आहेत, इतकी चपटी की बोट फिरवल्याशिवाय कळत नाहीत. उजव्या कडेची चालतात. डाव्या कडेची दाबली जातात पण कॉम्प्युटरवर काहीच होत नाही. म्हणजे मेलेली. दोष तिथेच असावा. उद्या नवे टाके घालतो.

७ फेब्रुवारी

मेलेल्या बटणांच्या तारांना कथिलाचा डाक देऊन माउस बंद केला. सूनबाईने लावून पाहिला. पहिले पान झाले, दुसरे झाले, तिसऱ्यावर पुन्हा मागे.

तिने बाहेर येऊन सांगितले तेव्हा ती फारशी वैतागलेली दिसली नाही. स्वभावाने शांत आहे. मी म्हटले, नवा आणू का, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. ती लगेच नको म्हणाली. "हाच होईल ना दुरुस्त?"

होईल म्हटले. आजवर परत पाठवले असे एकही मशीन नाही.

ही जेवताना म्हणाली की ज्या माणसाने एका दिवसात तीन तीन मशिनं उतरवून पुन्हा बसवली, त्याला एका उंदराने पाच दिवस खेळवलं. मी म्हटले, नाजूक काम आहे. ती म्हणाली, "ते दिसतंच आहे."

१० फेब्रुवारी

मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या मास्तरांचा एक नियम होता. मशीन आले की उघडायचे नाही. आधी गिऱ्हाइकाला समोर बसवायचे आणि त्याच्याकडून शिवून घ्यायचे. कापडाकडे बघायचे नाही, हातांकडे बघायचे. दहातल्या नऊ तक्रारी हातात असतात. कोणी कापड ओढतो, कोणी सुई उलटी लावतो, कोणाचा पाय रागात असतो. मास्तर म्हणत, यंत्र खोटं बोलत नाही आणि गिऱ्हाईकही खोटं बोलत नाही, पण दोघांना एकत्र बसवल्याशिवाय खरं कळत नाही.

हा नियम मी बत्तीस वर्षे पाळला. या वेळी पाळलेला नाही. पण सूनबाईला समोर बसवून फॉर्म भरायला लावणे बरे दिसत नाही. फॉर्म ही खाजगी गोष्ट असते.

१२ फेब्रुवारी

दुकान लवकर बंद करून स्वतःच कॉम्प्युटरवर बसलो. ही शेजारी गेली होती. त्या शहराचे हवामान वाचले. हिवाळा इथल्यापेक्षा कडक आहे. रुग्णालयाची इमारत पाहिली, चार मजली, पुढे झाडे. नकाशा पाहिला. नऊ तास नव्हे, साडेनऊ. मध्ये एकदा गाडी बदलावी लागते.

दीड तासात पान एकदाही मागे गेले नाही. माझ्या हाती दोष दिसत नाही, तिच्या हाती दिसतो. असा दोष सर्वांत वाईट. असे मशीन एकदा एका शिंपीणबाईंनी चार वेळा आणले होते. तेव्हाही दोष शेवटी मास्तरांच्या नियमानेच सापडला होता.

१४ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहायची राहिली. पहिल्या दिवशी सूनबाईने माउस हाती दिल्यावर मी खोलीत गेलो. इतके महिने माउस कीबोर्डच्या डाव्या बाजूला होता, मुलगा जाताना ठेवून गेला होता तसाच. टेबलावर तेवढीच जागा धुळीवाचून होती. सूनबाईने तो उजवीकडे घेतला.

तो डावखुरा होता. पहिलीत असताना बाईंनी चिठ्ठी पाठवली की मुलाला वळण लावा. मी दुकानातली लाकडी पट्टी घरी आणली. जोरात कधी मारली नाही, पण मारली. महिन्याभरात तो उजव्या हाताने लिहू लागला. बाकी सगळे शेवटपर्यंत डाव्यानेच करत असे. मोठा झाल्यावर लोकांत गंमत करायचा, "बाबांनी माझा एकच हात दुरुस्त केला. दुसऱ्याचा पार्ट मिळाला नाही." सगळे हसत. मीही हसत असे.

जुलैमध्ये रुग्णालयात नऊ दिवस सलाईन उजव्या हाताला होते. डावा मोकळा होता. तो मी धरून बसत असे.

१७ फेब्रुवारी

आज माउस पुन्हा उघडला, पुन्हा पुसला, पुन्हा बंद केला. चकत्या आता नीट चिकटत नाहीत.

सूनबाईने पाचव्यांदा प्रयत्न केला. तिसरे पान. आता तर ती आधीच सांगते की बघा, जाणार मागे. आणि जाते. मग ती कॉम्प्युटर बंद करून कणीक मळायला घेते आणि तेव्हा कधी कधी गुणगुणते. जुलैनंतर पहिल्यांदाच तिचा गाण्याचा आवाज ऐकला. मन रमत आहे हे चांगले.

ही आज दुकानात डबा घेऊन आली. डबा मी सकाळीच नेला होता. स्टुलावर बसली आणि म्हणाली, पोरीच्या चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटर आहे. खिशात फोन आहे. फॉर्म काय तिथून भरता येत नाही?

मी म्हटले, दुकानात गर्दी असेल, फोनवर अक्षर बारीक दिसत असेल.

"दिवसभर लोकांना बारीक अक्षरंच वाचायला लावते ती," ही म्हणाली. मग उठली. जाताना दारात थांबून म्हणाली, "तुम्हाला दोष सापडत नाही आणि तिला वेळ सापडत नाही. दोघांनी मिळून बिचाऱ्या उंदराला धरून ठेवलंय."

ती कधी कधी कोड्यात बोलते.

२१ फेब्रुवारी

डाक देताना तारा दोन दोन दिसू लागल्या म्हणून सूनबाईच्या दुकानात डोळे तपासायला गेलो. तिला कामावर असताना मी कधी पाहिले नव्हते. पांढरा कोट घालते. घरी बोलते त्याहून आवाज ठाम असतो. माझ्या आधी एक आजोबा होते, त्यांना ऐकू कमी येत होते. त्यांना तिने तेच तेच सहा वेळा सांगितले आणि सहाही वेळा पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे सांगितले.

मला अंधाऱ्या खोलीत बसवून डोळ्यांवर जड चौकट घातली. एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची. हे बरं की ते बरं. मी दर वेळी, दोन्ही बरं, म्हणत होतो. ती म्हणाली, "बाबा, मला बरं वाटावं म्हणून उत्तर द्यायचं नाही. जे दिसतं ते सांगायचं."

मग बराच वेळ ती काचा नुसत्या चाळत राहिली. खोलीत अंधार होता, तिचा चेहरा दिसत नव्हता. म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय वाटतं? मी भरू का तो फॉर्म?"

मी म्हटले, माउस होईल दुरुस्त.

ती बरं म्हणाली आणि पुढची काच घातली.

घरी येताना रस्ताभर वाटत राहिले की उत्तर बरोबर होते, पण तिने विचारलेल्या प्रश्नाचे नव्हते. चष्म्याचा नंबर पाऊणने वाढला आहे.

२५ फेब्रुवारी

आता तीन दिवस उरले. सूनबाई चार दिवसांत कॉम्प्युटरकडे फिरकलेली नाही. गुणगुणणेही बंद. ताटात वाढलेले तसेच राहते. मी विचारले, फॉर्मचे काय. म्हणाली, राहू द्या बाबा, इथे काय वाईट आहे.

मला बरे वाटायला हवे होते. संध्याकाळपर्यंत वाटलेही असेल.

रात्रीचे जेवण झाल्यावर ही भांडी आवरता आवरता पाठमोरीच बोलली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाली, ती सकाळी त्याच्या कपड्यांना इस्त्री करते. घड्या घालून परत कपाटात ठेवते. रोज वेगळा शर्ट. तुम्ही दुकानात असता, तुम्हाला माहीत नाही. तीस वर्षांची पोर आहे.

मला खरेच माहीत नव्हते.

"आपला गेला तो गेला," ही म्हणाली. "हिला आपण ठेवून घेतलं तर हिच्या आईला काय तोंड दाखवायचं?"

२७ फेब्रुवारी

आज नीट लिहितो.

दुकान उघडलेच नाही. सूनबाईची सुट्टी होती. चहा झाल्यावर मी दुकानातले स्टूल आणून कॉम्प्युटरपाशी ठेवले आणि तिला म्हटले, "तू चालवून दाखव. मी बघतो. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, बाबा, राहू द्या ना. मी म्हटले, गिऱ्हाईक बसल्याशिवाय निदान होत नाही, मास्तरांचा नियम आहे. तेव्हा बसली.

मी तिच्या उजव्या बाजूला बसलो. पडद्याकडे पाहिले नाही. हाताकडे पाहिले.

पहिले पान. नाव, पत्ता. पत्ता आमचाच. हात हलका होता, बोटे नुसती टेकलेली. दुसरे पान, शिक्षण आणि अनुभव. तिथे तर हात सराईत गिऱ्हाइकासारखा चालला. तिसरे पान उघडले. जन्मतारीख. मग हात थांबला.

आधी मनगट ताठ झाले. मग पंजा आवळला. नखांची टोके पांढरी पडली. करंगळीशेजारचे बोट माउसच्या कडेत रुतले, आणि टिक असा आवाज आला, इतका बारीक की कॉम्प्युटरचा पंखा जोरात असता तर ऐकूही आला नसता.

"बघा," ती म्हणाली. "गेलं मागे."

मी म्हटले, पुन्हा कर. तिने पुन्हा पहिल्यापासून केले. या वेळी हात थांबला तेव्हा मी पडद्याकडे पाहिले.

तिथे एक चौकट होती. वैवाहिक स्थिती. खाली चार पर्याय. बाण चौथ्याच्या शेजारी उभा होता.

टिक.

स्वयंपाकघरात भांडे वाजले आणि थांबले. म्हणजे ही ऐकत होती.

सूनबाई पडद्याकडे बघत म्हणाली, "पान मागे गेलं की मला बरं वाटायचं बाबा. म्हणायचे, चला, आज नाही झालं."

मी म्हटले, "मलाही."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी तिला सगळे सांगितले. पहिल्या दिवशी तिला समोर बसवले असते तर चहा निवायच्या आत दोष सापडला असता. पंचवीस दिवस मी हा माउस नुसता उघडला आणि मिटला. ती हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. मला अशा वेळी काय करायचे ते कळत नाही. मी स्टूल थोडे पुढे सरकवले.

मग मला जे येते ते मी सांगितले. शिवायला नव्याने बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतो तेच. "कापड ओढायचं नाही. नुसता हात ठेवायचा. न्यायचं काम मशीनचं आहे."

तिने हात उचलला, झटकला आणि पुन्हा ठेवला. पहिले पान. दुसरे. तिसरे. जन्मतारीख. चौकटीपाशी हात पुन्हा ताठ होऊ लागला. मी दोन बोटे तिच्या मनगटाखाली धरली, जशी कापडाखाली धरतो. मनगट सैल झाले. बाण चौथ्या पर्यायावर गेला आणि तिने दाबले.

पान तिथेच राहिले.

खाली संपर्कासाठी जवळच्या नातेवाइकाचे नाव विचारले होते. तिने माझे नाव लिहिले. पुढे नाते विचारले होते. तिने वडील निवडले. सासरे असा पर्याय नसेल.

ही चहा घेऊन आत आली आणि म्हणाली, सापडला का उंदीर?

२८ फेब्रुवारी

फॉर्म गेला. पोच आली.

दुकानाच्या वहीत शेवटी निदान लिहितो तसे इथे लिहून ठेवतो. माउसमध्ये दोष नव्हता. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये माउसचे एक चित्र आहे, ते आज सापडले. चित्रात डाव्या कडेची बटणे त्याने स्वतःच बंद करून ठेवली होती, आणि उजव्या कडेच्या एका बटणाला 'मागे', दुसऱ्याला 'पुढे' असे काम दिले होते. म्हणजे डाव्या हातात धरला की अंगठा तिथे बसतो. उजव्या हातात धरला की तिथे अनामिका येते, आणि हात आवळला की ती दाबली जाते. मेलेली म्हणून मी ज्यांना डाक दिला ती बटणे धडधाकट होती.

त्याने वस्तू आपल्या हातासारखी करून घेतली होती. हे मला पहिल्या दिवशी कळायला हवे होते. त्याचा हात घरात सर्वांत जास्त मीच पाहिला आहे.

१९ मार्च

सूनबाईला बोलावणे आले. पत्र तिने आधी हिला वाचून दाखवले, मग मला. मी बरं म्हटले. मग तिने अंधाऱ्या खोलीत सांगितलेले आठवले, की जे दिसतं ते सांगायचं. म्हणून म्हटले, "मला वाईट वाटतंय. आणि तू जावंस."

ती म्हणाली, "आता कसं नीट उत्तर दिलंत."

६ एप्रिल

काल तिला गाडीत बसवून दिले. हिने तीन पिशव्या दिल्या, त्यातली एक सूनबाईने गुपचूप आमच्याच दारामागे ठेवली होती, ती आज सापडली. ही म्हणते, पोरगी माझ्यावरच गेली आहे. त्याचा एक निळा शर्ट तिने नेला. बाकीचे मला वापरायला सांगून गेली. बाह्या लांब आहेत, दुमडाव्या लागतील.

माउस मी तिला देत होतो. तो तिने इथेच असू दे म्हणून सांगितले. मी तिला नवा आणून दिला, साधा, कडेला काही नसलेला.

संध्याकाळी पोचल्याचा फोन आला. खोलीला पूर्वेची खिडकी आहे. गारठा आहे.

९ एप्रिल

आज दुपारी कॉम्प्युटर लावला. माउस कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवला आणि डाव्या हातात धरला. बाण सुरुवातीला भलतीकडेच पळत होता. पण अंगठा आपोआप त्या बटणावर जाऊन बसला. तिथे प्लास्टिक थोडे गुळगुळीत झाले आहे, तेवढा भाग त्याच्या अंगठ्याने झिजला आहे.

त्या शहराचे हवामान वाचले. थंडी कमी झाली आहे. मग अंगठा दाबून मागे आलो.

हिने विचारले, आता या वयात डावखुरे होणार का. मी म्हटले, बघतो जमतं का.

आजची ही नोंद डाव्या हाताने लिहिली आहे. तास लागला. अक्षर पहिलीतल्या मुलासारखे आले आहे, ओळी वर चढल्या आहेत, हात दुखतो.

वाचता येते.